नागय्याच्या पायाचा घट्टा

सोलापूरहून परत आल्यापासून शेजारणी एकच विचारतात, "लुगडी कोणती आणलीत?" एकही आणले नाही म्हटले तर त्यांचा विश्वास बसत नाही. सोलापूरला जाऊन लुगड्याशिवाय परतणारी बाई त्यांनी पाहिलेली नाही. पण तिथे एका लुगड्यापायी मी जो घोळ घातला, त्यानंतर आणखी एखादे मागायला मला तोंडच नव्हते. तो घोळ आता एकदाचा लिहूनच काढते, म्हणजे दर हळदीकुंकवाला नव्याने सांगत बसायला नको.

सुरुवात मात्र ह्यांच्या बुटांपासून करायला हवी.

पुणे

आमचे हे शाळेत चित्रकलेचे मास्तर. मुलाच्या चित्रातली सुताएवढी चूक ह्यांना खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिसते. स्वतःच्या पायाचे माप मात्र ह्यांना कधी दिसले नाही. दिवाळीत कॅम्पातल्या एका दुकानातून विलायती घाटाचे बूट आणले. बूट सात नंबरचे आणि पाय आठाचा. "कातडे सैल होते," असे दुकानदार म्हणाला आणि ह्यांनी ते मानले. संक्रांत आली तरी कातडे जसेच्या तसे होते. ह्यांच्या उजव्या करंगळीवर मात्र भोवरी उठली होती. हरभऱ्याएवढी, टणक, मधोमध पिवळट ठिपका असलेली. आमच्याकडे काही जण तिला कुरूप म्हणतात. पांघरूण लागले तरी हे कळवळायचे आणि सकाळी पुन्हा त्याच बुटांत पाय कोंबायचे.

डॉक्टरांनी ह्यांना दोन गोष्टी दिल्या. एक, औषधाची लहानशी बाटली. रोज निजताना काडीने थेंबभर लावायचे, तीन-चार दिवसांनी पाय कोमट पाण्यात भिजवायचा आणि मऊ पडलेले कातडे वजरीने हलकेच घासून काढायचे. दुसरी, बूट सोडा हा सल्ला. ह्यांनी बाटली घरी आणली आणि सल्ला दवाखान्यातच ठेवून आले. चार दिवस औषध लावून भोवरी जेवढी कमी व्हायची, तेवढी दोन दिवस बूट घालून भरून यायची.

माघ संपत आला तेव्हा सोलापूरच्या एका शाळेत चित्रकलेचे परीक्षक म्हणून ह्यांना बोलावणे आले. ह्यांचे एक वर्गमित्र तिथे राहतात. ते बाहेरगावी चालले होते, त्यांनी घराची किल्ली देऊ केली. मी सोलापूर पाहिले नव्हते. बाटली सांभाळायला कोणीतरी हवेच, असे म्हणून मीही निघाले.

शनिवार

गाडीतले काही लिहीत नाही. गाडीत सगळेच सारखे अवघडतात.

सोलापूरच्या स्टेशनाबाहेर पाऊल टाकले आणि डोळे दिपले. उन्हाळा लागायचा होता, तरी ऊन असे की सावली शोधावी. गिरण्यांची धुराडी, पांढरी धूळ, आणि टांगेवाल्यांची झुंबड. हे टांग्याकडे टाचेवर चालत गेले. टांगेवाल्याने ते पाहिले आणि सामान उचलायच्या आधी विचारले, "काय साब, पायाला काय झालं?"

पुणे आणि सोलापूर यांतला पहिला फरक मला तिथेच कळला. पुण्यात माणूस लंगडत गेला तर लोक गप्प राहून बघतात आणि त्याची चर्चा घरी जाऊन करतात. सोलापुरात भर रस्त्यात थांबवून विचारतात आणि वर उपाय सांगतात. घरी पोहोचेपर्यंत आमच्याजवळ तीन उपाय जमले. पानवाला म्हणाला, बिब्बा तापवून लावा. एक म्हातारी म्हणाली, लसूण ठेचून बांधा. टांगेवाला म्हणाला, "ते जोडे फेका की साब." पहिले दोन ह्यांनी लक्षपूर्वक ऐकले, तिसऱ्याच्या वेळी आकाशाकडे पाहिले. बिब्ब्याला मात्र मी साफ नाही म्हटले. माझ्या मावशीने एकदा लावला होता. भोवरी राहिली आणि पाऊल उतून पंधरा दिवस ती भिंत धरून चालली.

घर साळ्यांच्या गल्लीत होते. मागचे अंगण आणि शेजारच्या विणकराचे अंगण यांत कमरेएवढी भिंत. दारे-खिडक्या लावल्या तरी मागांची खटखट घरात यायची. भिंतीवरून एक बाई डोकावली आणि पाण्याने भरलेली घागर माझ्याकडे दिली. "नळाला उद्या पाणी न्हाय बाई. भरून ठेवा." पाठोपाठ, "मास्तरांचा पाय दुकतो काय?"

ही लच्चम्मा. तिचा नवरा नागय्या विणकर, आणि अंबू नावाची लग्नाची मुलगी. आपसात ते तेलुगू बोलत, आमच्याशी सोलापुरी मराठी. लच्चम्माने तिथल्या तिथे निकाल दिला. "उद्या चाँदभाईला बोलवते. न्हावी हाय, पन हात डाक्टरचा."

रविवार

चाँदभाई सकाळी आले. पांढरी दाढी, डोक्याला मळकट टोपी, काखेत धोकटी. अंगणात पाट मांडून ह्यांना बसवले. पाय हातात घेण्याआधी त्यांनी ह्यांच्या तोंडाकडे पाहून गंभीरपणे विचारले, "मास्तरसाब, लघवीला मुंग्या लागतात काय?"

ह्यांचा चेहरा असा झाला की मी आत पळाले. एका परक्या बाईसमोर, म्हणजे लच्चम्मासमोर, हा प्रश्न! पण चाँदभाई हलले नाहीत. साखरेचा आजार असेल तर पायाला हत्यार लावत नाही, म्हणाले. जखम भरत नाही, पाय जातो. मुंग्या लागत नाहीत असे ह्यांनी अगदी हळू आवाजात सांगितले, तेव्हा पुढचे काम सुरू झाले.

अर्धा तास मिठाच्या कोमट पाण्यात पाय. मग नराणी, म्हणजे नखे काढायचे न्हाव्याचे हत्यार, दिव्यावर धरून स्वच्छ केली आणि भोवरी पदर-पदर करून तासली. शेवटी मधला टणक कण हलकेच उचलून तळहातावर ठेवून दाखवला. रक्ताचा थेंब आला नाही.

"हा बघा खिळा," चाँदभाई म्हणाले. "भोवरी म्हंजे हाच. ह्याचं टोक आत, मासात. वरनं जोडा दाबतो, आत हा टोचतो. म्हनून दुकतं. पाँव का कसूर नै साब, जोडे का है. जोडा घातला तर म्हयन्यात दुसरा खिळा."

आणि मग त्यांनी ह्यांच्या टाचेवर बोट आपटले. "हे बी कातडंच, पन हा घट्टा हाय. ह्याला खिळा न्हाय. ढाल हाय ती. दुकत न्हाय, तवर तिला हात लावायचा न्हाय."

हे वाक्य मी ऐकले होते. पण तेव्हा मी चहा गाळत होते आणि माझे लक्ष साखरेकडे होते. पुढचे सगळे त्या चहामुळे झाले.

ह्यांनी करंगळी हलवून पाहिली, उभे राहिले, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि लहान मुलासारखे हसले. त्याच दिवशी चांभाराकडून जाडसर वहाणा घेतल्या. बूट कोपऱ्यात गेले.

दुपारी लच्चम्माने माग पाहायला बोलावले. खोलीत जमिनीत खड्डा, खड्ड्यावर माग. नागय्या खड्ड्याच्या काठावर बसून दोन्ही पाय आत सोडतो. खाली पायाने दाबायच्या दोन पावड्या. प्रत्येक पावडीला दोरी आणि दोरीच्या टोकाला लाकडाची गोटी. ती गोटी अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यात धरायची आणि पाय दाबायचा. डावा दाबला की अर्धे उभे धागे वर, उजवा दाबला की उरलेले वर. मधून आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे. हात आणि पाय एकाच ठेक्यात. मागावर हिरव्या अंगाचे, लाल काठाचे लुगडे चढत होते.

"अंबूच्या लग्नाचं," लच्चम्मा म्हणाली. "आमच्यात मुलीचं लग्नाचं लुगडं बापानं आपल्या हातानं विनायचं. दुसऱ्याचा हात लागला तर व्याही परत पाटवतात. शनिवारी वळसंगहून येनार बगायला."

"परत पाठवतात म्हणजे?"

"लुगडं परत, मुलगी बी परत," ती म्हणाली. "व्याह्यांच्या घरात दोन माग हायती. त्यांना फसवता येत न्हाय."

अंबू दारातून बघत होती. नवरीने आपल्या लुगड्याच्या मागाला शिवायचे नाही, हीही त्यांची रीत.

नागय्याने पाय वर घेतले तेव्हा मला ते दिसले. दोन्ही पायांच्या बेचक्यात पिवळट, जाड, चिरा गेलेले कातडे. एवढे जाड की अंगठा आणि बोट एकमेकांना लागत नव्हते. ह्यांच्या हरभऱ्याएवढ्या भोवरीने महिनाभर घर डोक्यावर घेतले होते आणि हा माणूस सुपारीएवढी घेऊन दिवसभर पाय मारतो!

"किती दुखत असेल हो!" मी म्हटले.

"दुकत न्हाय की बाई," नागय्या म्हणाला.

दुखून दुखून जीवच गेला असेल त्या कातड्यातला, असे मी ठरवले. घरी जाऊन बाटली आणली आणि लच्चम्माच्या हातात दिली. रोज निजताना थेंब-थेंब, तीन दिवस, मग कोमट पाणी आणि वजरी. पुण्याच्या डॉक्टरांनी जे सांगितले ते शब्दन् शब्द सांगितले, वर माझ्या पदरचे थोडे घातले. नागय्या नको-नको करत होता. पण लच्चम्माच्या डोळ्यांसमोर शनिवार होता. व्याह्यांसमोर मांडी घालून बसायचे आणि पाय असे? तिने नवऱ्याला तेलुगूत दोन वाक्ये ऐकवली आणि त्याने पाय पुढे केले. नवरे सगळीकडे सारखेच, असे मला त्या वेळी वाटून बरे वाटले.

सोमवार, मंगळवार

हे दोन दिवस मजेत गेले. ह्यांची परीक्षा शाळेत चालू होती. वस्तुचित्रासाठी शाळेने ठेवलेला मातीचा घडा ऐन वेळी फुटला, तेव्हा ह्यांनी शिपायाला पाठवून घरचे बूट मागवले आणि मेजावर ठेवले. चाळीस मुलांनी ते काढले. एका मुलाने बूट इतके ऐसपैस काढले की ह्यांनी त्याला पहिला नंबर दिला. त्या बुटांचा दिवाळीपासून तेवढाच उपयोग झाला.

मी गाव पाहिले. तळ्याकाठचे देऊळ, किल्ल्याची भिंत, संध्याकाळी भोंगा झाला की गिरणीतून सुटणारी माणसे. लच्चम्माने कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली. कागदासारखी पातळ ज्वारीची भाकरी, आठ दिवस टिकते म्हणे. आमच्याकडे ती आठ मिनिटे टिकली. चटणीने ह्यांच्या डोळ्यांतून पाणी काढले, पण मागायचे थांबले नाहीत. पुण्याच्या सासूबाईंना कोणाच्या हातचे खाल्ले ते सांगू नये, असे आमचे दोघांचे ठरले. त्या हे वाचतील, तेव्हा समजेलच.

अंगणातून मी रोज विचारायची, "लावलं का औषध?" लच्चम्मा बाटली उंच धरून दाखवायची.

बुधवार

आम्ही संध्याकाळच्या गाडीने निघणार होतो. सकाळी लच्चम्माने मला घाईने बोलावले. नागय्याचे पाय कोमट पाण्यातून बाहेर आले होते आणि वजरी लावताच दोन्ही बेचक्यांतले कातडे जाड पापुद्र्यासारखे निघून आले होते. खाली गुलाबी, नवे कातडे. लच्चम्मा हरखली. अंबू बापाच्या पायाकडे बघून हसली. मला तर आपण मोठे वैद्यच असल्यासारखे वाटले. मी सामान बांधायला घरी आले.

थोड्या वेळाने खटखट सुरू झाली. मग अडखळली. पुन्हा सुरू झाली, दहा-वीस ठोके झाले आणि थांबली. भिंतीपलीकडे एवढी शांतता मी चार दिवसांत ऐकली नव्हती.

मी गेले. नागय्या खड्ड्याच्या काठावर पाय हातात धरून बसला होता. दोन्ही बेचक्यांत फोड आला होता, उजवा फुटून रक्त येत होते. गोटीला रक्त लागले होते. नऊ वारांच्या लुगड्यातले साडेतीन वार विणायचे उरलेले.

लच्चम्मा पदराचे टोक तोंडात धरून उभी होती. अंबू आत गेली, आणि आतून तिच्या हुंदक्याचा आवाज आला. मला फार लाज वाटली. तीन दिवस "लावलं का, लावलं का" म्हणून मीच हाकारत होते.

मी तशीच चाँदभाईंकडे गेले. विजापूर वेशीजवळ लिंबाखाली ते एकाची दाढी करत होते. ऐकून घेतले, वस्तरा खाली ठेवला. "बाई," ते म्हणाले, "मास्तरांचा मी खिळा काढला. तुमी नागय्याची ढाल काढली. वीस वर्सांत बनवली हुती त्यानं."

ते आले, दोन्ही पाय स्वच्छ धुतले, हळदीचे तेल लावून मऊ फडक्याने बांधले. पंधरा-वीस दिवस पावडी नाही. पुन्हा कातडे धरले की आपोआप जाड होईल, पण घाई केली तर पिकेल.

"शनिवारी व्याही येनार," नागय्या म्हणाला.

"मग पायासंगं हात बी बांधतो, म्हंजे मागावर बसायचाच न्हाईस," चाँदभाई वैतागून म्हणाले, आणि नागय्याने मान खाली घातली.

दुसरे कोण बसणार? लगनसराई तोंडावर, गल्लीतला प्रत्येक माग चालू. आणि बसले तरी हात दुसऱ्याचा झाला असता. लच्चम्माचा गुडघा वाताने धरलेला, तिला खड्ड्यात पाय सोडताच येत नव्हते. अंबूला शिवायचे नव्हते.

आमचे हे दारात उभे होते. अर्धवट राहिलेले सामान बांधायला मला बोलवायला आले होते. ते म्हणाले, "नागय्या, हात तुमचा पाहिजे, एवढीच रीत आहे ना? पायांचं काय?"

नागय्याने वर पाहिले. "पायाचं... कुनी कदी इचारलंच न्हाय मास्तर."

"मग मी शेजारी बसतो. तुम्ही हात चालवा, पाय मी मारतो."

मी लग्न होऊन अकरा वर्षे ह्यांच्याबरोबर राहिले आहे. मंडईतून पिशवी आणायला सांगितली की ह्यांचे काही ना काही दुखायचे, यंदा तर भोवरीच. चूक माझी आणि पाय ह्यांचे! मला रडावे की हसावे ते समजेना. ह्यांनी धोतर खोचले आणि खड्ड्यात पाय सोडले.

पहिला तास मी विसरू म्हटले तरी विसरणार नाही. हे उजवा दाबायचे तेव्हा डावा हवा असायचा. धोटा अर्ध्यात अडकायचा. धागे तुटायचे, नागय्या ते गाठवायचा. एकदा ह्यांची गोटी बोटातून सुटली आणि पावडी नागय्याच्या नडगीवर बसली.

"मास्तर," नागय्या म्हणाला, "परीक्षा तुमची कुनी घ्याची?"

"नापास करा, पण सांगा कसं मारायचं," हे म्हणाले.

मग नागय्याने एक युक्ती काढली. आपला मोकळा गुडघा तो ह्यांच्या गुडघ्याला लावून बसला. त्याचा गुडघा हलला की ह्यांचा पाय दाबायचा. पाय बांधलेला असला तरी गुडघ्याला ठेका माहीत होता. दुपार कलली तेव्हा अंगणात खटखट ऐकू आली. जरा लंगडी, पण सलग. ह्यांनी पुण्याच्या शाळेला तार केली, पाय दुखावल्यामुळे चार दिवस येता येत नाही. खोटे काही नव्हते.

गुरुवार, शुक्रवार

गुरुवारी सकाळी ह्यांच्या बेचक्यांत फोड होते. चाँदभाई रोज येऊन दोन माणसांच्या चार पायांना पट्ट्या बांधायचे आणि जाताना माझ्याकडे पाहून विचारायचे, "बाई, बाटली कुटं हाय?" बाटली मी मोरीत ओतून टाकली होती. तरी ते विचारायचे.

ह्यांचे फोड नागय्याच्या जखमेसारखे खोल नव्हते. फडके गुंडाळून, मध्ये मध्ये थांबून ह्यांना पाय मारता येत होता. नागय्या दर थोड्या वेळाने म्हणायचा, "ऱ्हाऊ द्या मास्तर." हे म्हणायचे, "दुखत नाही." साफ खोटे. ह्यांची कपाळाची शीर मला दिसत होती.

मला काही तरी करायचे होते. मी लच्चम्माकडून चरख्यावर कांड्या, म्हणजे धोट्यात बसवायच्या सुताच्या नळ्या, भरायचे काम मागून घेतले. माझ्या पहिल्या कांडीकडे पाहून अंबूला रडता रडता हसू आले. सूत एकीकडे फुगलेले, दुसरीकडे लाकूड उघडे. तिने ती सगळी उलगडून पुन्हा भरली. कांड्यांना हात लावू नये असे रीतीत नव्हते. मग मी सगळ्यांचा स्वयंपाक करत बसले. पुण्याची आमटी त्यांना गोड लागली. लच्चम्माने त्यात चमचाभर तिखट घातले आणि म्हणाली, "आता आमटी झाली."

त्याच वेळी चुलीपुढे मी तिला म्हटले, "लच्चम्मा, चूक माझी झाली. मला क्षमा करा."

ती भाकरी थापत होती. "तुमी बऱ्यासाटी दिलं की बाई. घट्टा निगाला तवा मी बी हासले." मग थोडे थांबून, "पन शनिवारी काय हुतंय, ते देवाला ठावं."

शुक्रवारी दिवेलागणीच्या आत शेवटचा वार भरला. लुगडे उतरवले. नागय्याने ते घडी घालताना एका जागी बोट फिरवले आणि घडी मिटली.

शनिवार

व्याही दुपारी आले. वळसंगचे म्हातारे गृहस्थ, बरोबर त्यांची बायको. पाणी झाले, पान झाले. लुगडे पुढे आले. म्हाताऱ्याने ते उन्हात नेले, उलगडले आणि अंगठ्याने चाचपत काठाकाठाने पुढे सरकला. आम्ही दोघे भिंतीशी उभे. अंबू दाराआड.

साडेपाच वारांपाशी अंगठा थांबला. मागे गेला, पुढे आला.

"हात नागय्याचा हाय," म्हातारा म्हणाला. "ठोका एकसारका. पन हितनं पुढं पाय त्याचा न्हाय." त्याने नखाने दाखवले. आडवा धागा कुठे कुठे दोन उभ्या धाग्यांवरून उडी मारून गेला होता. मला डोळे ताणले तरच दिसत होते.

लच्चम्माने डोळे मिटले. नागय्या उठून उभा राहिला. त्याने काही लपवले नाही. घट्टा, औषध, फोड, सगळे सांगितले. फक्त बाटली कोणी दिली ते सांगितले नाही. "पाय ह्या मास्तरांचा. पुन्याचे हायती."

म्हाताऱ्याने ह्यांच्याकडे पाहिले. मग ह्यांच्या पायांकडे. वहाणा, पट्ट्या, पट्टीवर आलेला पिवळा डाग. तो खाली वाकला आणि आपल्या पायातली वहाण काढून पाय पुढे केला. त्याच्या बेचक्यात नागय्यासारखाच, किंबहुना त्याहून जुना घट्टा होता.

"ह्यो यायला चाळीस वर्सं लागली," तो ह्यांना म्हणाला. "तुमी तीन दिसांत करायला गेलात व्हय?"

आणि मग हसला. "पुन्याचा पाय हाय, म्हनून उड्या मारतोय. बापाचा हात हाय. रीत हाताची. जिथं उड्या हायती तेवढं आमची सून निऱ्यांत घालील." त्याने लुगडे घडी करून बायकोच्या ओटीत दिले.

अंबू बाहेर आली. सासऱ्याला, सासूला वाकली. मग बापाच्या पायांवर, त्या पट्ट्यांवर तिने डोके ठेवले आणि तसेच ठेवून राहिली. उठली ती सरळ ह्यांच्यापुढे आली. हे मागे सरले. "अगं, मला कशाला," म्हणू लागले. तिने ऐकले नाही. ह्यांच्या पट्टीवर तिने कपाळ टेकले. माझ्या डोळ्यांना पदर लागला तो गाडी सुटेपर्यंत.

पुणे

महिनाभराने नागय्याचे पत्र आले, कोणाकडून तरी लिहून घेतलेले. लग्न झाले. पाय बरा आहे, घट्टा पुन्हा धरू लागला आहे, माग चालू आहे. "बाईंना नमस्कार. औषध पाठवू नये."

ह्यांचे बूट शाळेच्या चित्रकलेच्या कपाटात आहेत, वस्तुचित्रासाठी. भोवरी पुन्हा आली नाही. फोड वाळले, आणि उजव्या बेचक्यात थोडेसे टणक, पिवळसर कातडे राहिले, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढे. पायाला काम नाही म्हणून तेही दिवसेंदिवस पातळ होते आहे.

परवा मोरीत हे पाय धूत होते. मी सवयीने वजरी घेऊन गेले आणि म्हटले, आणा, तेवढे घासून टाकते. ह्यांनी पाय मागे घेतला.

"दुखत नाही," ते म्हणाले. "आहे तोवर राहू दे."

मी वजरी कोनाड्यात परत ठेवली.